बाटलीतले खडे

“पण बाबा, अजून किती दिवस मी नुसते रंगच घोटायचे?”

लतीफबाबा वड्या कापत होते. ते साबणाच्या लादीवर तार ओढत होते. तार तिरकी गेली. वडी एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ निघाली. बाबांनी ती हातात घेऊन कौतुकाने उलटीसुलटी पाहिली.

“आठ महिने झाले,” त्रिंबक म्हणाला.

“नऊ.”

“बघा! तुम्हालासुद्धा वाटतंय…”

“तापात पडून होतास तो महिना तू धरला नाहीस. मी धरला. त्याच महिन्यात तू जरा ऐकून घेत होतास.”

बाबांपुढे गप्प बसण्यात त्रिंबकचं बरंच आयुष्य चाललं होतं.

टेकडीवर बाबांचा तकिया होता, फकिराची राहायची जागा. एक खोली, पुढे पडवी, पडवीला दगडी कठडा आणि मागे साबण घालायची शेड, एवढंच. कुणी दुःख घेऊन येई, कुणी प्रश्न घेऊन. बाबा प्रत्येकाच्या हातात साबणाची वडी ठेवत आणि खालच्या झऱ्याकडे बोट दाखवत.

“आधी हातपाय धू. मनाचं मग बघू.”

निम्मे लोक हातपाय धुऊन परस्पर घरी जात. बाबांना त्याचा फार आनंद होई.

त्रिंबक मात्र परत वर आला होता. हातपाय धुतले, वडीचा वास घेतला आणि म्हणाला होता, “मला हे शिकवा.” त्याआधी तो तालुक्याच्या शाळेत प्रयोगशाळा सांभाळायचा. तिथल्या सगळ्या बाटल्या त्याच्या धाकात होत्या. एकीचंही तोंड कधी पूर्वेचं पश्चिमेला झालं नव्हतं.

आता त्याला जायचं होतं. गावात मेहुण्याने गाळा पाहिला होता. पाटीही रंगवून घेतली होती. ‘त्रिंबक साबण’, आणि खाली बारीक अक्षरात ‘लतीफबाबांचे पट्टशिष्य’. गुरुवारचा मुहूर्त होता. सगळं तयार होतं. फक्त बाबांनी “जा” म्हणायचं राहिलं होतं.

“बाबा, गुरुवार परवावर आलाय.”

“हं.”

“मेहुण्याने पेढेसुद्धा सांगून ठेवलेत.”

बाबांनी तार खाली ठेवली.

“मग आजचा साबणाचा घाणा तू घाल. तीन रंगांचा. नीट उतरला तर खुशाल जा.”

नऊ महिन्यांत बाबांनी त्रिंबकला कधी घाणा घुसळायच्या रवीला हात लावू दिला नव्हता.

“आणि नाही उतरला तर?” त्याने विचारलं.

“तर साबण उतरला नाही, एवढंच. आभाळ तर नाही ना पडणार?”

त्रिंबकला आभाळाची काळजी नव्हतीच. पेढ्यांची होती.

खरं म्हणजे त्याला भीती वाटायचं कारण नव्हतं. रंगांची तयारी त्याच्याइतकी कुणीच केली नसेल. तेल आणि कॉस्टिक सोड्याचं पाणी एकजीव होऊन घाणा दाटायला लागला की श्वास घ्यायलाही फुरसत मिळत नाही. त्या वेळी कोरडी पूड टाकली तर गुठळ्या होतात. म्हणून रंग आधीच तेलात घोटून ठेवायचे. पाण्यात कालवले तर बुरशी धरते. तेलात महिनोन्‌महिने टिकतात. एक चमचा पूड, तीन चमचे तेल. हे सगळं त्याला झोपेतसुद्धा म्हणता आलं असतं, आणि तापात असताना त्याने ते म्हटलंही होतं.

बाबांचीही पद्धत तीच होती. फक्त ठेवायची रीत विचित्र.

बाबांच्या रंगाच्या बाटल्या बाहेर कठड्यावर असत. तांबडा गेरू, पिवळी रामरज आणि नीळ. प्रत्येक बाटलीत झऱ्यातला एक गुळगुळीत खडा. तकियाला घंटा नव्हती. आलेल्या माणसाने एखादी बाटली उचलायची आणि खुळखुळवायची, म्हणजे बाबांना कळे की कुणी आलंय. लोक बोलताबोलताही बाटल्या खुळखुळवत बसत. कुणाच्या हाताला शेण, कुणाच्या हाताला तंबाखू.

त्रिंबकला ते बघवत नसे.

मागच्या महिन्यात बाबा म्हणाले, “कोठीचं तू बघ.” त्रिंबकने त्याच दिवशी बाटल्या आत नेल्या. रंग फडक्यातून गाळला, नव्या चांगल्या तेलात पुन्हा बारीक घोटला. खडे काढून टाकले. नव्या स्वच्छ बाटल्या भरल्या, बुचं मारली, बुचांवर मेण ओतलं. प्रत्येकीवर चिठ्ठी लावली. नाव, तारीख, आणि खाली ‘हात लावू नये’. मग त्या फडताळात अंधाऱ्या जागी एका ओळीत उभ्या केल्या.

बाबांनी पाहिलं होतं.

“छान दिसतात,” एवढंच ते म्हणाले होते.

आज त्रिंबकने त्या तिन्ही बाटल्या शेडमध्ये आणून फळीवर मांडल्या. हातमोजे चढवले. तेल मोठ्या पातेल्यात ओतलं, सोड्याचं पाणी बेताने सोडलं आणि रवी धरली.

तेवढ्यात बायजा आली. ती टेकडीवर शेळ्या राखायची आणि रोज दुपारी मीठ मागायच्या निमित्ताने तकियावर टेकायची. तिने कठड्याकडे पाहिलं आणि शेडच्या दारात येऊन उभी राहिली.

“बाबा, माझी निळी बाटली महिनाभर दिसंना. हात मोकळा राहिला की मला बोलायचंच सुचत न्हाई.”

“मास्तरांनी आत ठेवलीय,” बाबा म्हणाले.

“का? चोराच्या भ्यानं?”

“तुझ्या,” त्रिंबक रवी घुसळत म्हणाला.

बायजा खूश होऊन उंबऱ्यावर बसली. एवढा मान तिला कुणी दिला नव्हता.

घाणा दाटू लागला. आधी ताकासारखा, मग कढीसारखा. रवी उचलली की तिची रेघ वर उमटून राहू लागली. त्रिंबकने तीन भांड्यांत तीन वाटे केले. सगळं पुस्तकात लिहावं तसं चाललं होतं.

“रंग,” बाबा म्हणाले.

त्रिंबकने नीळ उचलली. चाकूने मेण खरवडलं. मेण चिवट निघालं. त्याने स्वतःच दोन थर दिले होते. बूच निघेपर्यंत त्याच्या कपाळावर घाम आला.

त्याने बाटली भांड्यावर तिरकी केली.

तेल पडलं.

स्वच्छ, पिवळसर, निव्वळ तेल.

त्याने बाटली उजेडात धरली. नीळ होती. तळाशी. चार बोटं उंचीचा थर, वरून सपाट, बांधलेल्या ओट्यासारखा.

“कढी घट्ट व्हायला लागली, मास्तर,” बायजा म्हणाली.

त्रिंबकने रामरज उघडली. तेल पडलं. गेरू उघडला. तेल पडलं. त्याने चमचा घालून तळ उकरायला घेतला. चमचा वाकला. बाटली हलवली. तळ हलला नाही. उलटी करून बुडावर चापट्या मारल्या.

“भजन लावलंय का?” बायजाने विचारलं.

“बाबा… रंग खाली बसलाय.”

“हं.”

“दगड झालाय त्याचा!”

“हं.”

“असं कसं झालं? मी तर कुणाला हातसुद्धा लावू दिला नाही!”

बायजाने मान वाकडी करून बाटलीत डोकावलं.

“आतला खडा कुठं गेला?”

“काढला. घाण होती ती.”

बाहेर एक शेळी शिंकली.

“टाकून दिलास?” बाबांनी हळूच विचारलं.

“नाही… धुऊन, पुसून, पुडीत बांधून ठेवलेत.”

“पुडीवर तारीख घातलीस?”

त्रिंबकने पायांकडे पाहिलं.

“घातली,” तो म्हणाला.

बायजा हसता हसता उंबऱ्यावरून खाली घसरली. बाबांनी तोंडावर उपरणं धरलं, पण त्यांचे हलणारे खांदे लपत नव्हते.

तोवर पातेल्यात उरलेल्या साबणात रवी आपल्या आपण उभी राहिली होती. त्रिंबकने ती ओढली. तिच्याबरोबर पातेलंही उचललं गेलं. तिन्ही भांडी पांढरीच होती. बाबांनी उठून हातमोजे घातले, उलथन्याने साबण खरवडला आणि साच्यात थापून दिला. गवंड्याने गिलावा करावा तसा.

“त्यात तुझं तेल जास्तीचं गेलंय,” ते म्हणाले. “अंगाला मऊ लागेल.”

त्रिंबक भिंतीला टेकून खाली बसला. वाकडा चमचा अजून त्याच्या हातात होता.

“माझं चुकलं काय, बाबा? पूड मी तुमच्यापेक्षा बारीक घोटली होती.”

“हो. पुष्कळ बारीक.”

“तेल तुमच्यापेक्षा चांगलं घेतलं.”

“तेही खरं.”

“बाटल्या उकळून घेतल्या. धूळ नाही, ऊन नाही, कुणाचा घाणेरडा हात नाही…”

बाबांनी कोठीतून पुडी आणली. सुतळी सोडली. निळीच्या बाटलीत थोडं तेल ओतलं आणि लोखंडी सळईने तळ ठेचला. मग एक खडा आत सोडला, बूच दाबून बसवलं आणि बाटली बायजाच्या हातात दिली.

बायजाने ती न बघताच हलवायला सुरुवात केली.

“आता सुचतंय बगा. तर बाबा, ती कानफाटी शेळी हाय ना, काल तिनं सरपंचाची वही खाल्ली. कुणाच्या हातची न्हवं, पार टेबलावरची…”

खुळखुळ… खुळखुळ…

शेळीने वही खाल्ली, मग सरपंच मागे धावला, मग सरपंचाची बायको शेळीच्या बाजूने बोलली. गोष्ट बरीच लांबली. त्रिंबक बाटलीकडे पाहत होता. आधी तेलात एक निळी रेघ उठली. मग धूर पसरावा तशी नीळ वर चढली. सरपंच घरी पोचला तेव्हा बाटली गळ्यापर्यंत निळी झाली होती.

बायजाने बाटली फळीवर ठेवली. काचेवर तिच्या पाच बोटांचे ठसे होते. मीठ घेऊन ती शेळ्यांकडे निघून गेली.

त्रिंबकने त्या ठशांवरून फडकं फिरवायला हात उचलला…

आणि तसाच खाली घेतला.

तो म्हणाला, “बाबा, मग गुरुवारी मी जाऊ की नको?”

बाबांनी हातमोजे उलटे करून खुंटीला अडकवले. मग ते बाहेर पडवीत आले. बाटल्या असायच्या त्या रिकाम्या कठड्यावरची धूळ त्यांनी उपरण्याने झटकली. एक माणूस नीट बसेल एवढीच जागा.

“गुरुवारी इथे फार गर्दी असते, बेटा,” ते म्हणाले. “सकाळपासून इथे बस.”