गवत्या माशांना चारा

एकदा एका तरुण आईची झोप उडाली. तिची सहा वर्षांची लेक शर्वी अचानक गप्प झाली होती. शाळेचा डबा जवळजवळ भरलेलाच परत येई. "काय झालं गं?" म्हटले, की पोर ओठ घट्ट मिटून मान हलवी, फार तर पुटपुटे, "काही नाही." आई शिकलेली होती, आणि शिकलेल्या माणसाला एका 'काही नाही'मधून नाना शक्यता दिसतात. बाई रागावल्या असतील, कुणी मारले असेल, कुणी त्याहून वाईट काही केले असेल. अंथरुणावर ती त्या शक्यतांची उजळणी करी आणि सकाळी वेणी घालताना एकेक करून लेकीला विचारी. वेणी संपे, प्रश्न संपत नसत. आपण आई आहोत की फौजदार, असे कधीकधी तिच्या मनात येई. पण फौजदाराला निदान कबुलीजबाब तरी मिळतो.

गावाबाहेर राहणाऱ्या एका वृद्ध गुरुजींकडे ती संध्याकाळी उपनिषदे शिकायला जात असे. शर्वी सोबत असायचीच. गुरुजींच्या घरामागे त्यांचे स्वतःचे तळे होते. एके काळी त्यात कमळे फुलत. पुढे पाणगवत इतके माजले की पाणी दिसेना, तेव्हा कुणा हितचिंतकाने त्यात गवत्या मासे आणून सोडले. गवत्या नावाप्रमाणेच गवतावर जगणारा. त्याने पाणगवत फस्त केले आणि गुरुजींनी त्या हितचिंतकाला आशीर्वाद दिला. मग माशांनी कमळाची पाने खाल्ली, कळ्या खाल्ल्या, काठावर लवलेले लव्हाळेही कुरतडले. मासे हातभर लांब झाले. कंद तेवढे चिखलात तग धरून होते. मासे निघाले नाहीत, तर पुढच्या वर्षी कमळाचा कोंबही वर येणार नव्हता.

म्हणून मध्यंतरी शिष्यमंडळींनी एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत जाळे ओढून पाहिले. मासे पुढे पळावेत म्हणून डबे बडवले, आरोळ्या दिल्या. सर्वांत मोठा डबा आपल्या या शिष्येच्या, शर्वीच्या आईच्या, हाती होता. मासे जाळे जवळ येईपर्यंत थांबले, आणि मग उसळून एकामागून एक त्यावरून पलीकडे गेले. एकाने तर जाताजाता एका पंडिताच्या कानशिलात शेपटी हाणली. जाळ्यात सापडली ती कुणाची तरी जुनी चप्पल. त्यानंतर काठावर पाऊल वाजले तरी मासे खोल पाण्यात दडून बसू लागले.

तेव्हा गुरुजींनी एक विचित्र गोष्ट आरंभली. त्यांनी पायऱ्यांजवळ पाण्यावर बांबूची एक चौकट तरंगत ठेवली. तिच्याखाली तळाशी एक जाळे अंथरले, त्याचे चारही दोर काठाशी रोवलेल्या खुंटांना सैल बांधले, आणि रोज सायंकाळी त्या चौकटीत गुरांना घालतात तो ताजा लसूणघास टाकायला सुरुवात केली. घास टाकायचा आणि पायरीवर स्वस्थ बसायचे. बोलायचे नाही, वाकून पाहायचे नाही.

शेजारचा एक व्यापारी हे पाहून हसला. "गुरुजी, ज्यांना घालवायचं त्यांनाच जेवायला घालता? आमच्याकडे असा थाट जावयाचा असतो."

"शेठ, तुमच्या मळ्यातल्या तलावात पाणगवत माजलंय ना?" गुरुजी म्हणाले. "मग पाण्याचं पिंप तयार ठेवा. जावई तुमच्याकडेच यायचेत."

शिष्येला मात्र राहवेना. "गुरुजी, यांना काढायचंय की पोसायचंय? असं किती दिवस बसणार आपण?"

"बस तर खरी," एवढेच गुरुजी म्हणाले.

ती बसली, पण मनात तिचे डबे वाजतच होते. शर्वी तिच्या शेजारी ओठ मिटून बसे.

पहिले काही दिवस घास तसाच तरंगत राहिला. मग तो सकाळपर्यंत नाहीसा होऊ लागला. नंतर एका संध्याकाळी, माणसे पायरीवर बसलेली असतानाच, चौकटीत एक काळपट पाठ वर आली आणि एक काडी हळूच आत ओढली गेली. मग दुसरी. खालच्या जाळ्यावर एव्हाना शेवाळ धरले होते. माशांच्या लेखी ते तळाचाच भाग झाले होते. पुढे तर गुरुजींची काठी पायरीवर टेकताच मासे जमू लागले.

एके दिवशी गुरुजींनी व्यापाऱ्याला आणि त्याच्या गड्यांना बोलावले, चौघांच्या हाती चार दोर दिले आणि नुसती मान हलवली. दोर एकदम वर आले. हातभर लांबीचे ते सगळे मासे घासासकट झोळीत आले आणि घटकाभरात व्यापाऱ्याच्या पिंपात गेले.

शेवटचा मासा पिंपात सोडताना व्यापाऱ्याने त्याच्या तोंडात डोकावून पाहिले. "गुरुजी, याला तर दातच नाहीत. मग एवढं तळं खाल्लं कशानं?"

"त्याचे दात घशात असतात, शेठ. आतल्या आत चावतो तो."

शर्वीने हळूच स्वतःच्या गळ्याला हात लावला. आईने ते पाहिले, आणि तिच्या जिभेवर लगेच प्रश्न आला.

"राहू दे," गुरुजी आईला हलक्या आवाजात म्हणाले. "पोरी, तू रोज पायरीवर बसत होतीस, पण माझ्या माशांपाशी नव्हतीस, हे मला दिसत होतं. ज्याच्यामागे आपण डबा वाजवत धावतो, तो खोल पाण्यात जातो. त्यात त्याची लबाडी नसते; त्याने एकदा जाळं पाहिलेलं असतं. त्याला आपला किनारा पुन्हा निर्भय वाटावा, एवढंच आपल्या हाती आहे."

शिष्येला गेल्या वर्षीची चिंचोक्याची गोष्ट आठवली. 'आई, मी चिंचोका गिळला,' असे लेकीने हसत येऊन सांगितले होते. तिने पोरीला तशीच उचलून वाटभर रडत तालुक्याच्या दवाखान्यात नेले होते आणि अंधाऱ्या खोलीत तिच्या पोटाचा फोटो काढायला लावला होता. डॉक्टर हसले होते. शर्वी हसली नव्हती.

तरी तिची शंका फिटेना. "पण गुरुजी, घासाखाली जाळं होतंच की. म्हणजे लेकराला गोंजारायचं ते त्याच्याकडून काढून घेण्यासाठीच?"

गुरुजी प्रसन्न हसले. "ही शंका आली म्हणजे अर्धं काम झालं. जाळं माशांपुरतं. लेकरासाठी नुसता घास टाकायचा, आणि हात रिकामे ठेवायचे."

ते काठी टेकत घरात गेले. पिंप घेऊन गाडी निघून गेली. तळे स्वच्छ व्हायला अजून बराच अवकाश होता, पण पाणी कसे सुटल्यासारखे शांत दिसत होते. शिष्या पायरीवरच बसून राहिली. उरलेल्या लसूणघासाची एकेक काडी ती पाण्यात टाकू लागली, कुणासाठीच नाही. विचारण्याजोगे पुष्कळ होते. ते सगळे तिने गिळले. तिच्या आयुष्यातले हे पहिलेच एवढे लांब मौन असावे.

शर्वी सरकत सरकत जवळ आली. तिने आईच्या हातातून एक काडी घेतली, पाण्यात टाकली, आणि बऱ्याच दिवसांनी तोंड चांगले उघडले. खालच्या ओळीत, अगदी समोर, एक खिंडार होते.

"आई," ती म्हणाली, "माझा पण एक दात आत गेलाय. पोळीबरोबर गिळला मी. माशाला आतले दात चालतात, तर मला पण चालेल ना?"