हाकेच्या टोकावरचे कुरव

खाडीच्या मुखाशी समुद्रात घुसलेल्या काळ्या कड्याला हाकेचं टोक म्हणतात. आश्विनात उत्तरेकडून कुरवांचे थवे इथे येतात आणि ते पाहायला शहरातली माणसं दुर्बिणी गळ्यात अडकवून येतात. त्यांना गावचे म्हातारे बारकू तांडेल आधी खाली बसवतात, मग वेसूची गोष्ट सांगतात.

वेसूचं लग्न होऊन म्हणे जेमतेम चार महिने झाले होते. त्या सकाळी बारा होड्या सुटल्या. तिचा नवरा हसुराम आपलं एकट्याचं होडकं घेऊन सर्वांत पुढे. ती टोकाखाली कालवं काढत होती. तेवढ्यात कुरव आले, पण खाडीच्या चिखलात उतरले नाहीत. हजारो पाखरं, जराही आवाज न करता, डोक्यावरून सरळ डोंगराकडे गेली. समुद्र तर ताटातल्या पाण्यासारखा निवांत. वेसूच्या ध्यानात आलं, पाखरं ज्याला भिऊन पळत होती, नेमकी त्याच्याच तोंडी माणसं निघाली होती.

धडपडत ती टोकावर चढली. पण निघालेल्याला मागून हाक मारायची नाही. काही विपरीत घडलं तर खापर तिच्याच डोक्यावर फुटणार. नवऱ्याचं नाव घ्यायची तर सोयच नव्हती. तरी ती ओरडली, "परता रं, परता!"

नावच नव्हतं, म्हणून ती हाक ज्याला त्याला आपलीच वाटली. मागून हाक आली की परत फिरायचं, बसून घोटभर पाणी प्यायचं आणि मगच निघायचं, ही तिथली रीत. कुरकुरत का होईना, अकरा होड्या वळल्या. हसुरामने मात्र आवाज ओळखला. "बायको नवी हाय माजी, रोजच बोलवंल," असं शेजारच्या होडीला हसून सांगून तो पुढे गेला, असं सांगतात.

माणसं किनाऱ्यावर पाणी पीत होती तोच वारा सुटला. तो तीन दिवस थांबला नाही. हसुराम परत आला नाही.

वेसूला कुणी बोल लावला नाही. अकरा घरं तिच्या पाया पडली. पण तिला एकच गोष्ट जन्मभर खात राहिली. आपण नाव घेऊन हाक मारली असती तर? बायको चारचौघांत नाव घेते म्हणजे काहीतरी भयंकर आहे, हे त्याला कळलं असतं आणि तो वळला असता.

आजही कुरव आले की गावातली एक सून टोकावर उभी राहून निघालेल्या होड्यांना हाक मारते. सगळ्या होड्या परततात, माणसं पाणी पितात. मग ती रिकाम्या समुद्राकडे तोंड करून पुन्हा ओरडते. या वेळी हसुरामचं नाव घेऊन.