उतरण्याच्या सूचना

"यंत्रच सगळं लिहितंय, तर मग मी कशाला हवी?"

मंजिरीने बसायच्या आधीच विचारलं.

नूरबाबा दर्ग्याच्या ओट्यावर सुतळी वळत होते. त्यांना डोळ्यांनी दिसत नसे.

"काय लिहितं यंत्र?"

"माहितीपुस्तिका, बाबा. पंप कसा जोडायचा, कसा चालवायचा. इतकी वर्षं मीच लिहायचे. माझ्याइतकं स्वच्छ कुणी लिहीत नव्हतं. आता कंपनीने आमचा विभागच बंद केला. उद्या दुसरीकडे मुलाखत आहे. तिथेही हाच प्रश्न येणार."

"वाचतं कोण ते?"

"कुणी नाही." ती हसली. "पंप बंद पडला की मग शोधाशोध करतात."

"म्हणजे अडलेला माणूस वाचतो."



बाबा उठले. कळशी उचलली.

"चल. बारवेतून पाणी आणायचंय. यंदाच्या पावसात पायऱ्या सरकल्यात म्हणतात. तू सांग, मी उतरतो."

"सोपं आहे." मंजिरी बारवेच्या काठावरूनच म्हणाली. "उजव्या हाताने भिंत धरा. सरळ उतरत जा."

बाबांनी भिंत धरली. काही न विचारता पाय उचलला.

पाय अधांतरी असतानाच तिने त्यांची बाही पकडली.

"थांबा, बाबा!"

"का? चुकीचं सांगितलंस?"

"माहीत नाही..."

बाबा थांबले.

तिने चपला काढल्या आणि आधी स्वतः उतरली. खाली दगड खडखडला. "आई गं!"

मग एकेक दगड पायाने चाचपत ती तळापर्यंत गेली.

"बाबा, ऐका." आता तिचा आवाज सावकाश येत होता. "पहिले तीन दगड पक्के आहेत. चौथा डगमगतोय, त्याच्यावर भार देऊ नका. तो ओलांडून पाय टाका. पुढे शेवाळ आहे, तिथे बसून उतरा. मी खाली उभी आहे."

बाबा उतरले. कळशी भरली.

"तुला कुठे लागलं?"

"गुडघा फुटलाय. चालेल."

बाबांनी कळशी तिच्या आवाजाकडे सरकवली.

"धू आधी."

तिने गुडघा धुतला. ओढणीने टिपला.

"उद्या मी जाणार, बाबा. काय विचारायचं ते विचारू देत." तिने ओढणी झटकली. "पण खरं सांगा. हे आत्ता मी सांगितलं ते यंत्रही सांगेलच की."

"सांगू दे ना..." बाबा म्हणाले. "त्याचा गुडघा फुटला, तर माझ्याकडे धाडून दे."