दुप्पट बळाचा राक्षस

दोन आठवडी बाजार उलटले तरी रखमाजी तेली राजवाड्यातून परतला नव्हता. त्याला अडवून ठेवलं होतं एका राक्षसाने, आणि तो राक्षससुद्धा खरा नव्हे, कापडावरचा!

राजा गजध्वजाला लढाईचा भारी शौक, पण घोड्यावर बसलं की त्याची कंबर धरायची. म्हणून त्याने घरबसल्या शौर्याची सोय केली होती. दिवाणखान्यात पट अंथरायचा. त्यावर रानं, गावं आणि शेवटी राक्षसाची गुहा. खेळणाऱ्याने वीर व्हायचं, फासे टाकत पुढे जायचं, आणि वाटेत काय घडतं ते राजाने रंगवून सांगायचं. तलवार, ढाल असं काही मिळालं की वीराचं बळ वाढे आणि त्याच्यापुढे कवड्या पडत. राक्षसाच्या कवड्या राजापुढे. गुहेशी ज्याच्या कवड्या जास्त, त्याची सरशी. हरणाऱ्याने जिंकेपर्यंत वाड्यातच राहायचं आणि राजाच्या गोष्टीला 'वाहवा' म्हणायचं.

हरायची वेळ आली की राजाला नेमका नवा नियम सुचायचा. त्याला तो 'घरचा नियम' म्हणे. एका सुताराने कवड्यांचा ढीग जमवला, तेव्हा नियम झाला की वीर वाढेल तसा राक्षसही वाढेल. मग एका कोष्ट्याने बरोबरी साधली. राजाला तेही झोंबलं, आणि नियम झाला की राक्षसाचं बळ वीराच्या दुप्पट! प्रधान नीळकंठपंतांनी "काय ही बुद्धी, महाराज" म्हणत लगेच दवंडी पिटवली. त्या राज्यात एकदा पिटलेली दवंडी खुद्द राजालाही मागे घेता येत नसे. तेव्हापासून एकही वीर जिंकला नव्हता आणि वाड्यातली वाहवा मात्र वाढत चालली होती.

इकडे घाणा बंद, बैल दावणीला, गावात दिव्याला तेल नाही. भिवरा तेलीण तणतणत वाड्यावर आली. बघते तर नवरा खांबाला टेकून वाहवा म्हणतोय, तीही सुरात. तिचं डोकंच फिरलं.

"अगं, माझा काय दोष?" रखमाजी कुजबुजला. "तलवार मिळवली, चिलखत मिळवलं. जेवढं मिळवलं, तेवढा राक्षस फुगला."

"मग मिळवलंत कशाला?" भिवरा म्हणाली. "घाणा अडला तर त्यावरचे धोंडे उतरवता का आणखी चढवता?"

रखमाजीला काही उमगलं नाही. भिवरा पदर खोचून थेट पटाशी जाऊन बसली.

"महाराज, मी खेळते. जिंकले तर धनी घरी न्यायचा."

"आणि हरलीस तर तूही इथेच," राजा खुशीत म्हणाला. त्याला वाहवेत बायकांचा आवाज कमीच वाटत होता.

"चालंल. पण आधी एक सांगा. राक्षस माझ्या दुप्पट म्हंजी दुप्पटच ना? मागनं बदलायचं न्हाई."

"माझी दवंडी फिरली आहे! वीर कसाही असो, राक्षस त्याच्या दुप्पट."

भिवरेने फासे टाकले. पहिल्याच रानात तिला तलवार मिळाली, पुढे ढाल मिळाली, मग एका साधूने बळाचा लाडू दिला. तिच्यापुढे कवड्या पडल्या आणि राजापुढे त्याच्या दुप्पट. रखमाजीने कपाळावर हात मारला.

पुढच्या घरात एक गाव लागलं. "हितं कोण राहतं?" भिवरेने विचारलं.

राजाला वर्णनाची हौस फार. "राहते एक म्हातारी," तो डोळे मिटून म्हणाला. "कमरेत वाकलेली, गोवऱ्या वेचणारी."

"तिला माझी तलवार दिली. ढाल बी दिली, गोवऱ्या भरायला. लाडू अजून खाल्ला न्हाई, तो बी तिलाच."

दरबार खो खो हसला. पंत तर सगळ्यांत मोठ्याने हसले. मात्र आधी राजा हसेपर्यंत ते थांबले होते. हसत हसत राजाने भिवरेच्या सगळ्या कवड्या उचलून म्हातारीच्या घरावर ठेवल्या आणि नियमाप्रमाणे आपल्यापुढच्याही कवड्या परत डब्यात टाकल्या. रिकाम्या हाताने भिवरा गुहेशी पोचली.

"गुहेतून डरकाळी आली," राजा गरजला. "प्रचंड राक्षस बाहेर पडला!"

"केवढा, महाराज?"

राजाने कवड्या ठेवायला डबा उघडला. भिवरेपुढची जागा पाहिली. मग त्याचा हात डब्यातच राहिला.

"माझं बळ काहीच न्हाई," भिवरा म्हणाली. "काहीच न्हाईच्या दुप्पट किती, ते पंतांना विचारा."

पंतांना अचानक खोकला आला.

"म्हणजे बरोबरी!" राजा सावरला. "तुझं बळ नाही, राक्षसाचंही नाही. बरोबरी म्हणजे जिंकणं नव्हे. जा, बस नवऱ्याशेजारी."

"मी कुठं त्याला मारतीया? त्या म्हातारीला हाक मारते. ये गं बाई, तलवार घिऊन!"

"म्हातारी?" राजा ओरडला. "ती काही वीर नाही!"

"म्हणूनच तर, महाराज. दवंडी वीराची पिटली, म्हातारीची न्हाई. तिच्या कवड्या तिच्याच राहत्यात, राक्षसाला त्यातली एकबी मिळत न्हाई. गोवऱ्या वेचता वेचता ती त्याला कापून टाकंल."

राजाने नव्या नियमासाठी तोंड उघडलं. सगळे हरलेले वीर त्याच्या तोंडाकडे बघत होते आणि कुणी वाहवा म्हणत नव्हतं. राजाने पटावरच्या म्हातारीकडे पाहिलं, तिच्या कवड्यांकडे पाहिलं, आणि त्याला हसू फुटलं. कंबर धरून तो इतका हसला की पगडी पटावर पडली.

"गोवऱ्या वेचणारीने मारला माझा राक्षस! माग, भिवरे, काय हवं ते."

"धनी सोडा. बाकीच्यांनाबी सोडा, त्यांच्या बायका वाट बघत असतील."

राजाने सगळ्यांना सोडलं, आणि भिवरेला घाण्यासाठी एक धिप्पाड बैल दिला.

"पण मग उद्यापासून मी खेळू कुणाशी?" तो म्हणाला.

"पंत हैत की," भिवरा दारातून म्हणाली. "आता आपण वीर व्हा, राक्षस त्यांना होऊ द्या. नियम तर फिरत न्हाई."

राजाला ही कल्पना फारच आवडली. पंतांनी नाइलाजाने त्याच्यापुढे एक कवडी ठेवली, आणि आपल्यापुढे दोन.