उंडीखारची अर्धी चांदणी

उंडीखारच्या धक्क्यावर उतरलं की डाव्या हाताला हुसेनचाचांचं सोड्याचं दुकान लागतं. त्यांच्या बाटलीच्या लेबलावर सहा टोकांची एक निळी चांदणी आहे. एक त्रिकोण सुलटा, त्यावर एक उलटा. शेजारच्या केशकर्तनालयाच्या पाटीवर तीच चांदणी, दूध सोसायटीच्या कुपनावर तीच, देवीच्या जत्रेच्या हँडबिलावर, उरुसाच्या पावतीवर आणि कबड्डीच्या पोस्टरवरही तीच. मात्र नीट पाहिलं तर दोन चांदण्या सारख्या सापडत नाहीत. कुठे वरचा त्रिकोण डावीकडे कललेला, कुठे खालचा घसरलेला, जणू एक जण घाईत आहे आणि दुसरा झोपेत.

पुण्याच्या कला महाविद्यालयातले एक सर एकदा आले होते. त्यांनी कॉम्प्युटरवर चांदणी रेखीव करून दिली, तीही फुकट. गावानं त्यांना कोकम सरबत पाजलं, नारळ दिला आणि रेखीव चांदणी ग्रामपंचायतीच्या कपाटात जपून ठेवली. ती अजून तिथेच आहे.

काडेपेटीची लेबलं, जुनी तिकिटं, बाटल्यांचे कागद जमवणारी मंडळी मात्र येतात ती वाकड्या चांदण्यांसाठीच. त्यांना नवल वाटतं ते वेगळंच. ही तर ज्यूंची चांदणी, दावीद राजाची. आगरी-कोळ्यांच्या, मुसलमानांच्या या गावात तिचा एवढा शिरकाव कसा? आणि लग्नाची पत्रिका द्यायला येणारा माणूस तिच्यावर एकच त्रिकोण उठवून का आणतो? दुसरा त्रिकोण पत्रिका घेणाऱ्यानं त्याच्यासमोर उठवायचा, असा इथला रिवाज आहे. उठवला म्हणजे येणार. मग "बघू", "जमवतो", "कळवतो" ही भानगड उरत नाही.

हुसेनचाचा पाहुण्यांना बाकावर बसवतात, सोड्याची गोटी आत ढकलतात आणि सांगायला लागतात. आपण पाहिलेलं नाही, हे ते आधीच कबूल करतात. पण त्यांच्या पणजीनं स्वतःच्या हातानं ठसा उठवला होता म्हणे.

असं सांगतात, की फार वर्षांपूर्वी उंडीखारात बेने इस्रायलांची, म्हणजे कोकणातल्या ज्यूंची, चार घरं होती. तेलाच्या घाण्या त्यांच्या. शनिवारी घाणी बंद, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. त्यातल्या हसाजी तेल्याची बायको सिपोरा. मराठी सहा यत्ता शिकलेली, आणि त्या सहा यत्तांनी तिचं काही भलं केलं नव्हतं. अडाणी बाईला जी काळजी एकदा वाटते, ती सिपोराला तीनदा वाटे: एकदा आपोआप, एकदा वाचलेलं आठवून, आणि एकदा आपण उगीच काळजी करतो की काय याची.

तिची मुलगी लेया. चांगली साडेतीन वर्षांची, गुटगुटीत, खाऊनपिऊन सुखी, पण तोंडातून शब्द नाही. वेखंड उगाळून चाटवून झालं, मध झाला, अलिबागच्या वैद्याचं चूर्ण झालं. सिपोरा रोज दिवेलागणीला तिला समोर बसवून "आई म्हण, आई म्हण" करी आणि लेया तिच्याकडे, एखादी बाई बाजारात भाव ऐकून घेते तसं, शांतपणे बघे.

"हसाजीपण चार वर्षांचा होईस्तो बोलला नव्हता," सासू एस्तेरबाई म्हणायची. "अजून तरी कुठं बोलतो?"

हसाजी यावर काही बोलला नाही, असं सांगतात.

एके दिवशी भावकीतल्या घरी एलियाहू हन्नाबीचा मालिदा होता. बेने इस्रायलांचा हा नवसाचा विधी. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची आणि भोवती फळं मांडून प्रेषित एलियाहूचं नाव घेतात. सिपोरा लेयाला मांडीवर घेऊन बसली होती. तिनं मनात नवस बोलायला घेतला. मुलगी बोलली तर मीही मालिदा करीन, असा साधा नवस सुरुवातीला होता. पण मग तिच्या मनात आलं, मालिदा तर सगळेच कबूल करतात, एलियाहूनं आपल्याकडेच का बघावं? म्हणून तिनं भर घातली: गावातल्या घराघरात दावीदाची चांदणी नेईन आणि मग मालिदा करीन. पुन्हा मनात आलं, दुसऱ्याच्या घरात आपली निशाणी न्यायची तर कुणाचं मन दुखायला नको. म्हणून तिनं आणखी एक जोडलं: "आणि ती घरच्यांच्या खुशीनं."

आमेन म्हणून तिनं डोळे उघडले, तर मांडीवरून आवाज आला, "खोबरं दे."

लेया त्या दिवशी बोलायला लागली ती थांबेचना. पहाटे उठल्यापासून ती घाणीच्या बैलाशी बोले, बैल दमला की चिंचेशी बोले, आणि कुंपणावरून शेजारच्या ठकूबाईला हाका मारी: "ठकूआजी, तुझी कोंबडी आमच्यात आलीय. ठकूआजी, ती गेली. ठकूआजी, तू भात खाल्लास का, नुसताच का?"

नवस सांगितल्यावर एस्तेरबाईनं कपाळाला हात लावला. "नवस एलियाहूला आणि निशाणी दावीदाची? म्हणजे तांडेलाच्या होडीवर पाटलाचं नाव."

हे सिपोराला आधी सुचलं नव्हतं. त्या रात्रीपासून तिला चौथी काळजी लागली.

पण बोललेला नवस फेडायला हवा. त्या काळी घराघरातून लोक आपापली बाटली घेऊन घाणीवर तेलाला येत. सिपोरानं ठरवलं, बाटलीवर कागद डकवायचा आणि त्यावर चांदणी उठवायची. ती भिवा सुताराकडे गेली. भिवानं कागदावरची चांदणी फिरवून फिरवून बघितली. म्हणाला, "वैनी, सहा टोकं एका ठशात कोरली तर दोन दिवसांत झडतील. तीनच कोरतो. एकदा असा मारा, एकदा उलटा करून मारा. लाकूडपण निम्मं."

चांदणी लोकांना आवडली. एक तर ती उलटी डकवली तरी सुलटीच दिसे, त्यामुळे अक्षरओळख नसलेल्यालाही चुकायची भीती नव्हती. शिवाय प्रत्येकाला ती आपलीच वाटली. भटजी म्हणाले, हे देवीचं षट्कोण यंत्र. हुसेनचाचांचे पणजोबा म्हणाले, ही हजरत सुलेमानची मोहर. कोळणींनी सांगितलं, समुद्रातला तारामासा आहे, एक पाय जास्त आला एवढंच. साठ घरांत साठ बाटल्या गेल्या.

दुसरी एखादी असती तर मालिद्याचे पोहे भिजत घालून मोकळी झाली असती. सिपोराला आठवलं, आपण "खुशीनं" म्हणालो होतो. लोक तेलाला आले, आपण कागद डकवला, ते घेऊन गेले. यात त्यांची खुशी कुठे? आणि कसली निशाणी ते त्यांना ठाऊक तरी होतं का? तिनं आठवडाभर विचार केला, हसाजीला विचारलं (तो "हं" म्हणाला), आणि शेवटी ठसा, निळीची वाटी आणि कोऱ्या कागदांचा गठ्ठा घेऊन पुन्हा घरोघर निघाली. प्रत्येक दारात तेच सांगे: ही आमच्या दावीदाची चांदणी, माझा नवस आहे, निम्मी मी उठवते, तुमची खुशी असली तर उरलेली निम्मी तुम्ही उठवा.

भटजींनी पंचांग बघून दोन दिवसांनी ये म्हणून सांगितलं. एका कोळणीनं आधी नवऱ्याच्या पाठीवर मारून ठसा चालतो का ते बघितलं. कुणी हसत मारला, कुणी पाट्यावर मसाला रगडावा तसा दाबून मारला. सरळ एकाचाही बसला नाही. पण नाही कुणी म्हणालं नाही. कागद घरोघरी भिंतीला लागले.

एकसष्टावं घर राहिलं, ते ठकूबाईचं. गावाच्या टोकाला, तेल्यांच्या कुंपणाला लागून. एकटी बाई, सोबतीला कोंबड्या. ती हसाजीकडचं तेल घेत नसे, स्वतःचे नारळ फोडून स्वतः तेल काढी. कारण जुनं होतं. हसाजीच्या लग्नाचं आमंत्रण तिला गेलं नव्हतं. शेजारीणच ती, तिला काय सांगायचं, असं सगळ्यांना वाटलं होतं. ती मात्र नवं लुगडं नेसून दोन दिवस ओटीवर बसून होती म्हणे.

सिपोरा दारात गेली तेव्हा ठकूबाई कोंड्याचे गोळे करत होती. तिनं मान वर केली नाही. "साठ घरं फिरून झाली आणि आता माझं दार आठवलं. शेवटचं ते शेवटचं. जा, बाय."

सिपोरा दुसऱ्या दिवशी गेली, तिसऱ्या दिवशी गेली. नंतर तिला वाटलं, रोज जाऊन मागितलेली खुशी ती खुशी कसली? म्हणून जायची थांबली. मग वाटलं, थांबलो म्हणजे नवस सोडला असं तर वर कुणाला वाटणार नाही?

आणि एका गुरुवारी लेया बोलायची बंद झाली.

ताप नाही, घसा लाल नाही. खात होती, खेळत होती, घाणीभोवती फिरत होती, पण ओठ घट्ट मिटलेले. सिपोरानं हळद-दूध दिलं, जीभ पाहिली, कानात ओरडून पाहिलं. शुक्रवार गेला, शनिवार गेला. एस्तेरबाईसुद्धा हसाजीवरून बोलायची थांबली. सोमवारी सिपोराचा धीर सुटला. घेतलेलं परत न्यायला एलियाहू आला, दुसरं काय? सगळ्या गावाचा हिशोब लागला आणि एक घर राहिलं. आपणच नवसाला शेपूट लावत बसलो, आणि शिक्षा पोरीला.

तिनं लेयाला कडेवर घेतलं, ठसा आणि वाटी पदराखाली घेतली आणि ठकूबाईच्या ओटीवर जाऊन बसली.

"मावशी, मी ठसा मागायला नाही आले. मालिद्याला बोलवायला आलेय."

"मालिदा कधी?"

"तुम्ही ठसा उठवलात की."

"मला बोलावणं नसताना मी उठवू कशी?"

"आणि तुम्ही उठवल्याशिवाय मालिदा नाही, मग मी बोलवू कशी?"

कोंबड्या काय ते बोलत होत्या. मग सिपोरानं, आयुष्यात बहुधा पहिल्यांदा, पुढचामागचा विचार न करता कागद मांडीवर पसरला, ठसा निळीत बुडवला आणि एक त्रिकोण उठवला. "हेच बोलावणं. माझी निम्मी ही. येणार असाल तर तुमची निम्मी उठवा. नसाल येणार तर राहू दे तशीच."

ठकूबाईनं ठसा हातात घेतला. आपल्या नावचं आमंत्रण तिनं पुष्कळ दिवसांत पाहिलं नव्हतं. पण तो टेकवायच्या आधी तिनं लेयाकडे बघितलं. "ही का एवढी शहाण्यासारखी बसलीय?"

"बोलत नाही हो. गुरुवारपासून एक शब्द नाही. म्हणून तर जीव टांगणीला लागलाय माझा."

ठकूबाईचा हात वरच्या वर राहिला. लेयानं ठकूबाईकडे बघितलं, मग खुराड्याकडे बघितलं.

"आज वार कुठला?" ठकूबाईनं हळूच विचारलं.

"सोमवार."

"अगं बाई," ठकूबाई म्हणाली, "हिला मोजता येत नाही होय."

मग सगळं बाहेर आलं. गुरुवारी सकाळपासून कुंपणावरून हाकांवर हाका सुरू होत्या. ठकूबाईचं डोकं उठलं होतं. ती म्हणाली होती, तीन दिवस तोंड मिटून राहशील तर एक पिल्लू देईन. तीन दिवस शनिवारी संपले. पण तीन म्हणजे किती, हे लेयाला कुणी सांगितलं नव्हतं, आणि विचारायचं तर तोंड उघडावं लागलं असतं. पोर इमानानं पाच दिवस गप्प राहिली.

"बोल बाय," ठकूबाई म्हणाली, "पिल्लू तुझं."

"तांबडंच पायजे," लेया म्हणाली. "काळं नको. काळं चावतं. आई, तू रडतेस का? ठकूआजी, हिला पण एक दे."

सिपोरा रडत होती आणि हसतही होती, आणि यातलं आधी काय थांबवावं हे तिला कळत नव्हतं. ठकूबाई मात्र आता खाली बघत होती. ठसा तिच्या हातात होता, पण तो टेकवायचा तिला धीर होईना. शेजारणीच्या जिवाचं पाच दिवस पाणी केलेलं. पोर नवसापायी गप्प झाली नव्हतीच, मग या बाईला आता आपली गरज काय?

"आता..." ती म्हणाली, "आता ते बोलावणं राहिलं की गेलं?"

सिपोरानं डोळे पुसले. "माझी निम्मी उठलीय मावशी. ती काय पुसता येते?"

ठकूबाईनं ठसा मारला. तो फारच तिरका बसला. असं सांगतात, की उंडीखारात तेवढी वाकडी चांदणी पुन्हा कुणाला जमली नाही.

मालिद्याला एकसष्ट घरं आली. ठकूबाई नवं लुगडं नेसून सगळ्यांच्या आधी येऊन बसली आणि खोबरं जरा जाड किसलंय म्हणाली. एलियाहू हन्नाबी वेष पालटून येतो हे सिपोरा लहानपणापासून ऐकत आली होती, पण तो कोंबड्या पाळत असेल असं तिला सहा यत्तांत कुणी शिकवलं नव्हतं. पुढे बरीच वर्षं तिला शंका येत राही, की लेया बोलली ती नवसामुळे की खोबऱ्यामुळे. एस्तेरबाई म्हणे, "बोलली ना? मग आता गप्प कशी करायची ते विचार तुझ्या एलियाहूला."

यथावकाश बेने इस्रायलांची चारही घरं बोटीनं इस्रायलला गेली. ठसा गावात राहिला. तो झिजला की भिवाच्या घरातलं कुणीतरी नवा कोरून देतं, तीनच टोकांचा.

आणि आजही उंडीखारात लग्न निघालं की पत्रिका घेऊन निघणारा माणूस देवळात जायच्या आधी, दर्ग्यात जायच्या आधी, सख्ख्या मामाकडे जायच्याही आधी गावाच्या टोकाच्या ठकूबाईच्या त्या घरी जातो. तिथे हल्ली बँकेतले एक साहेब भाड्यानं राहतात. बदलीवर आलेले, गावात कुणाला ओळखत नाहीत. पहिलं बोलावणं दरवेळी आपल्यालाच का येतं, हे त्यांना अजून उमगलेलं नाही. पण दारात माणूस निम्मी चांदणी धरून उभा असतो, त्याच्या दुसऱ्या हातात निळीची वाटी असते, आणि साहेबांना नाही म्हणवत नाही. गेल्या आठ महिन्यांत ते सतरा लग्नं जेवले, आणि आता बदली नको म्हणून अर्ज करणार आहेत, असं म्हणतात.