हाताने केलेली दुरुस्ती

"पाडू? म्हणजे नेमकं काय करू, बाई?"

"उभं केलंय ते सगळं काढून टाका. आणि पुन्हा उभं करा."

बसवराज हत्तुरे हसला. वर्गात सगळ्यांच्या आधी त्याचं सरावाचं नेटवर्क उभं राहिलं होतं आणि ते चोख चाललं होतं. चालती गोष्ट कुणी पाडतं का?

"चालतंय की ओ, बाई. बघा तरी."

"बघितलं. छान आहे," बागवानबाई म्हणाल्या. "पाडा."

बाई टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. सोलापुरात राहत्या घराच्या वरच्या मजल्यावर त्या नेटवर्कच्या माणसांना नवं काम शिकवायच्या. आवाज इतका हळू की ऐकायचं तर गप्प बसावं लागे.

बसवराज दूध संघाचा जुना नेटवर्क इंजिनिअर. गावोगावच्या संकलन केंद्रांतले संगणक मुख्य कचेरीशी जोडलेले ठेवायचे, यातच त्याचं वय गेलं होतं. बिघाड झाला की तो यंत्रांच्या खोलीत शिरायचा, इकडची वायर तिकडे खोचायचा, हिरवा दिवा लागला की शर्ट झटकत बाहेर यायचा. अण्णाचा हात लागला की चालतंच, असं संघात सगळे म्हणत. तोही म्हणे.

आता संघ क्लाउडवर जाणार होता. आपली यंत्रं बंद करायची, दूरच्या मोठ्या केंद्रात भाड्याने जागा घ्यायची आणि सगळं तिथे नव्याने मांडायचं. तिथे हात लावायला ना वायर, ना दिवा. काय हवंय ते आधी नीट लिहायचं. लिहिलं तसं नेटवर्क आपोआप उभं राहतं. मोडलं तर त्याच लिखाणावरून पुन्हा उभं करता येतं.

म्हणून बाईंच्या वर्गात एक नियम होता. बदल करायचा तो लिखाणात. पडद्यावर जाऊन परस्पर हाताने काही जोडायचं नाही.

आज दुपारी एक वाजता संघाचे व्यवस्थापक यायचे होते. बाई ज्याचं नाव घेतील, त्याच्याकडे हे काम जाणार होतं. दुसरं नाव कुणाचं असणार? बसवराजने घरी सांगूनही टाकलं होतं.

"पाडतो की," तो म्हणाला. "त्यात काय!"

त्याने सगळं काढून टाकलं. मग आपलं लिखाण चालवलं. पडद्यावर एकेक गोष्ट उभी राहू लागली. मुख्य कचेरी आली. संकलन केंद्र आलं. आणि दोघांच्या मध्ये लाल खूण येऊन थांबली.

केंद्राला कचेरी सापडेना.

त्याने पुन्हा चालवलं. पुन्हा लाल.

"अण्णा, वायर हलवून बघा की!" मागून कुणीतरी म्हणालं. वर्ग हसला.

बसवराजचे कान तापले. काय झालंय ते त्याला कळलं होतं. मागच्या आठवड्यात असंच अडलं, तेव्हा तो सरळ पडद्यावर गेला होता. इथे एक वाट उघड, तिथे एक पत्ता बदल, असं करत करत त्याने चालू केलं होतं. जन्मभर केलं तसंच. ते लिहायचं राहून गेलं. राहून गेलं कसलं, त्याला गरजच वाटली नव्हती.

बाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"काल..." तो म्हणाला. "काल पद्मजा बसली होती माझ्या संगणकावर. तिनेच काहीतरी बदललं असेल."

बोलून झालं आणि त्याला स्वतःचाच आवाज परका वाटला.

पद्मजा येमूल शेजारच्याच टेबलावर होती; तिनेही आत्ताच आपलं पाडून पुन्हा उभं केलं होतं, एकही लाल खूण न येता. तीही संघातलीच, कंत्राटावर. तिला संघात आणलं होतं बसवराजने. वायर कशी सोलायची, इथपासून त्यानेच शिकवलं होतं. काल ती त्याच्या संगणकावर बसली होती हे खरं होतं. त्यानेच हाक मारली होती. ये गं, बघ तरी अण्णाचं काम, म्हणून.

बाईंनी तिच्याकडे पाहिलं.

पद्मजाने बसवराजकडे पाहिलं. फार वेळ नाही.

"असेल, बाई," ती म्हणाली. "लागला असेल हात चुकून."

"असेल?"

"...हो."

"मग संघाच्या कामावर तू नको. दुसऱ्याच्या कामाला न विचारता हात लावणारं माणूस तिथे चालायचं नाही. साहेबांना मी तसं सांगते."

"बरं, बाई."

एवढंच. ना वाद, ना रडणं. तिने चार्जर काढला, ओढणी सारखी केली. हे काम गेलं की तिचं कंत्राट पुढे चालणार नव्हतं. हे वर्गात दुसऱ्या कुणाला माहीत नसेल, बसवराजला पक्कं माहीत होतं.

आता कुणीतरी काहीतरी बोलावं, असं त्याला वाटलं. कुणीतरी म्हणजे कोण, हा विचार त्याने पुढे जाऊ दिला नाही.

पद्मजा त्याच्याजवळ आली.

"अण्णा, माझा डबा तुमच्या पिशवीत आहे."

दोघं एकाच वसाहतीतली. सकाळी एकाच बसने आली होती. निघताना बसवराजच्या बायकोने पद्मजाचा डबा मागून घेतला, त्यात शेंगाची चटणी घातली आणि नवऱ्याच्या पिशवीत टाकला. "पोरीला दुपारी आठवणीने द्या," असं दारातून ओरडून सांगितलं होतं.

त्याने पिशवीत हात घातला. डबा हाताला लागला. तो धरला, पण हात काही बाहेर येईना.

"अण्णा?"

"थांब," तो म्हणाला.

"बाई... ती नाही."

"काय ती नाही?"

"हात तिने लावला नाही. मीच. पडद्यावर जाऊन... हाताने केलं. मागच्या आठवड्यात. लिहिलं नाही."

"कुठे कुठे?"

बसवराजने तोंड उघडलं. कुठली वाट, कुठला पत्ता, काही म्हणजे काही समोर येईना.

"आठवत नाही, बाई."

या वेळी मागून कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, असं त्याला वाटून गेलं.

"हिला माहीत होतं," तो खाली बघत म्हणाला. "मी खोटं बोलतोय ते. तरी..."

पद्मजा टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत उभी होती.

"बस जागेवर," बाई तिला म्हणाल्या. "चार्जर लाव."

जिन्यात चपला वाजल्या. व्यवस्थापक घाम पुसत वर आले.

"काय बाई, केवढा जिना हा! बोला, कुणाकडे द्यायचं काम? आमचे हत्तुरे तर आहेतच म्हणा."

बाईंनी डस्टर उचललं. त्या फळा पुसू लागल्या. पुसलेलाच भाग पुन्हा पुसत राहिल्या.

बसवराज उठला. उठताना खुर्ची केवढ्याने वाजली.

"साहेब, पद्मजाकडे द्या. येमूलकडे. तिने आज तिचं सगळं काढून टाकलं आणि जसंच्या तसं उभं केलं. माझं उभं राहिलं नाही."

"तुमचं? हत्तुरे, चेष्टा करताय का?"

"नाही साहेब."

"मग तुम्ही काय करणार?"

"ती सांगेल ते. मी... शिकतोय अजून."

व्यवस्थापकांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी फळ्याकडे तोंड ठेवूनच मान हलवली. "बरं, बरं," म्हणत ते चहासाठीही न थांबता गेले.

वर्ग सुटला. माणसं एकेक करून उतरली. पद्मजाने आपला डबा स्वतःच त्याच्या पिशवीतून काढून घेतला आणि ती खाली गेली. थोड्या वेळाने जिन्यातून तिची हाक आली.

"अण्णा, चला ना! बस जाईल."

रोजच्यासारखीच हाक. त्यात राग असता तर तो धडाधड उतरून गेला असता.

तो बसूनच राहिला.

बाई खिडक्या लावत होत्या.

"बाई," तो म्हणाला, "लाज वाटते हो. मान वर होत नाही."

"हं."

"कधी जाईल ही लाज?"

बाईंनी शेवटची खिडकी लावली. कोपऱ्यातली एक रिकामी खुर्ची ओढत आणली आणि त्याच्या शेजारी ठेवली.

"आत्ता तर आलीय," त्या म्हणाल्या. "बसू द्या की तिला."