हैबतीची घरगाडी आणि डांबराचा डबा

टप्.

फार वर्षांपूर्वी हैबतीनं हा आवाज पहिल्यांदा ऐकला, तो स्वतःच्याच कपाळावर. त्याला वाटलं, देवानं हाक मारली. तो उठून बसला. दुसरी हाक मानेवर आली.

एका गावात हा हैबती नावाचा भोळा कासार राहायचा. गावात कमी, गाडीत जास्त. जुनाट टेम्पोवर त्यानं पत्र्याची खोली चढवली होती. आत बिछाना, स्टो, पाण्याचा माठ आणि बांगड्यांची पेटी. बायको ठकूबाईला घेऊन तो जत्रेजत्रेला बांगड्या भरत फिरायचा. हात असा हलका की बांगडी कधी चढली ते कळू नये. डोक्याचं मात्र तो स्वतःच सांगायचा, "देवानं मला डोकं दिलं ते टोपी अडकवायला."

गाडी गळायची. श्रावणात पत्र्याला ओल यायची, गादीला वास यायचा. यंदा तर पेटीतल्या बांगड्यांचा सोनेरी वर्ख काळा पडू लागला. आणि नागपंचमी तोंडावर आलेली. पंचमीला गावोगावच्या बायका नव्या बांगड्या भरतात. कासाराचं वर्ष त्यावर निघतं.

ठकूबाई शांतपणे म्हणाली, "अवं, पंचमीच्या आधी गाडी कोरडी करा. न्हाईतर मी पेटी उचलून भावाकडं जाईन."

ठकूबाई बोलायची ते करायची.

तो उस्मान मिस्त्रीकडे गेला. मिस्त्रीनं डांबराचा डबा दिला आणि सांगितलं, दार लावून आत बस. जिथून उजेड दिसेल तिथून पाणी येतं. तिथं डांबर फास.

हैबती दार लावून आत बसला. उजेड दोन्ही खिडक्यांतून येत होता. त्यानं दोन्ही काचा डांबरानं फासल्या. उजेड गेला. सांगितलेलं करणं हैबतीला कधी जड गेलं नाही.

ठकूबाई आत आली ती स्टोवर धडपडली. तिनं कंदील लावला. हैबती दचकला. एवढा उजेड! इथून तर धो धो पाणी येत असणार. त्यानं कंदिलाची काच फासली.

ठकूबाईनं अंधारात चाचपडत स्टो सरळ केला. मग तिनं समजावलं की उजेडाचं राहू द्या, हात फिरवून बघा, जिथं ओलं लागेल तिथं लावा. हैबती म्हणाला, आत्ता कळलं. तो अंधारात चाचपडू लागला. दोन दिवस ऊन पडलेलं, पत्रा कोरडा. पण कोपऱ्यात काहीतरी गोल, गार आणि चहूबाजूंनी पाझरणारं हाताला लागलं.

"ठके, ओलीचं मूळ घावलं," तो म्हणाला, आणि त्यानं माठ गळ्यापासून बुडापर्यंत फासला.

दुपारी ठकूबाई पाणी प्यायली. पाणी कोमट होतं आणि सडकेसारखं लागत होतं.

शेवटी तिनं मिस्त्रीलाच बोलावून आणलं. तो टपावर चढला, खरी भोकं बुजवली आणि खाली उतरला. दाराची एक फट राहिली होती. मिस्त्रीला दुसरं काम होतं. तो हैबतीला म्हणाला, सामान बाहेर काढ, फट भर, आणि वाळेपर्यंत दाराला हात लावू नको.

ठकूबाईनं गादी, स्टो, पेटी सगळं लिंबाखाली नेऊन ठेवलं. हैबतीनं दार लावलं. फट आतून भरायची की बाहेरून, हे मिस्त्री बोलला नव्हता. हैबती आत होता, म्हणून त्यानं आतून भरली. उरलेला सगळा डबा संपवला.

तेवढ्यात आभाळ भरून आलं आणि सर कोसळली.

"अवं, दार उघडा."

"ठके, आत एक थेंब न्हाई."

"मी भायेर हाय. पेटी भायेर हाय."

"तू गाडी कोरडी करा म्हणालीस. झाली बघ."

"आधी दार उघडा."

"वाळल्याबिगर हात लावायचा न्हाई. उद्या ये."

बाहेर बोलणं थांबलं. हैबती टप् आवाजाची वाट बघत बसला. आवाज आला नाही. गादी असती तर तो आज पहिल्यांदा सुखानं झोपला असता. राग असता तर ठकू काहीतरी बोलली असती, त्याला वाटलं. काही बोलत नाही, म्हणजे खूश आहे. त्यानं टोपी चाचपली. टोपी जागेवर होती.

मग पेटीची कडी वाजली. हैबतीनं डांबरल्या काचेला कान लावला. पेटीतल्या बांगड्या किणकिणत होत्या. किणकिण चिखलातून वाटेला लागली, मग सडकेला लागली, आणि तिच्या भावाच्या गावाकडे वळली.